पाहुणा कुणाच्या घरी? ट्रेकच्या वाटेवरच्या गावातली पाळीची वही

उनाडवारा
नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं दर उन्हाळ्यात मी लडाखमधल्या एका दरीत दीड-दोन महिने मुक्काम ठोकून असतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे आहे ते भांडण आहे आणि ते मिटायचंय. गाडीरस्ता संपला की दीड दिवस पायी. घरं अकरा. ट्रेकर जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत येतात, पुढे शुकशुकाट.

आत्तापर्यंतची पद्धत साधी होती. सगळ्या घरांचा दर एकच. त्यात रात्रीचं जेवण, सकाळचा नाष्टा आणि दुपारची शिदोरी आली. पाहुणे पाळीने. एका वहीत अकरा घरांची नावं, आज कुणाकडे गेले तिथे खूण, उद्या पुढचं घर. दर शंभर रुपयांतले दहा गावच्या फंडात. वही पुलापाशी पहिलंच घर आहे, त्यांच्याकडे. कारण वाट तिथूनच गावात शिरते.

यंदा तीन घरांनी पाळी झुगारली. त्यांचं म्हणणं, आम्ही नव्या गाद्या घेतल्या, सौर दिवे लावले, मुलगी हिंदी-इंग्रजी बोलते, आणि पाहुणे आम्हालाच हवे असताना त्यांना डोंगराच्या टोकावरच्या धुरकट घरात का पाठवायचं? उरलेल्या आठ घरांचं म्हणणं, वाट सगळ्या गावाची आहे.

दोन्ही बाजू माझ्याकडे येऊन चहा पितात आणि म्हणतात, तू शिकलेला आहेस, तू सांग. मला सांगता येत नाही. पाळी ठेवावी की पाहुण्याला घर निवडू द्यावं?

चहाबाज
आमच्या सोसायटीत पार्किंगची पाळी लावायचा विषय चौदा वर्षं चालू आहे. तुमच्याकडे उत्तर निघालं की व्यनि (खासगी निरोप) करा. तोवर मी पहिल्या बाकावर.

गणितमास्तर
पाळी म्हणजे आळशाला बक्षीस. गादी झाडली काय नि न झाडली काय, अकराव्या दिवशी पाहुणा येणारच असेल तर कोण कशाला झाडेल? निवडू द्या. ज्याचं घर चांगलं त्याला जास्त, बाकीचे बघून शिकतील. दुनियेत सगळीकडे असंच चालतं.

रेवा_के
मास्तर, दुनियेत सगळीकडे अकरा घरांचं गाव नसतं हो.

रुंबकला राहिले आहे मी. हेमिस राष्ट्रीय उद्यानाच्या आतलं गाव. उद्यान १९८१ चं, आणि गावकऱ्यांची अडचण अशी की हिमबिबट्याला संरक्षण, पण त्यांच्या शेळ्यांना नाही. हा प्राणी गोठ्यात शिरला की एक शेळी घेऊन जात नाही. बंद जागेत घाबरून सैरावैरा धावणारी जनावरं एकापाठोपाठ मारत सुटतो. सकाळी दार उघडावं तर अख्खा कळप आडवा. मग गाव मिळून बिबट्याला मारायचं. रिंचेन वांगचुक यांच्या स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सीने दोन गोष्टी एकत्र आणल्या: गोठ्यांवर जाळीचं छप्पर आणि घरात पाहुणे. २००२ च्या सुमारास सुरू झालेल्या हिमालयन होमस्टेजचा उद्देश 'पर्यटन वाढवा' एवढाच नव्हता. ज्याच्या शेळ्या जातात त्याच्या घरात बिबट्यामुळे पैसे आले पाहिजेत, असा होता. म्हणून पाळी, आणि म्हणून फंडाचा वाटा.

आता तीनच घरांत पाहुणे गेले तर उरलेल्या आठांनी बिबट्याला का सोडायचं? त्यांच्याही शेळ्या त्याच डोंगरावर चरतात.

गणितमास्तर
हा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता आला. पण गादी झाडायचा प्रश्न तसाच आहे.

उनाडवारा
रेवाताई, अगदी हेच. आणि मास्तर, तुमचंही खोटं नाही. वरच्या एका घरात मी स्वतः पिसवा चावून घेतल्या आहेत.

जरा माझीही चूक सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला कळेल मी सल्ला द्यायला का घाबरतो. दोन वर्षांपूर्वी मी शहाणपणा करून आगाऊ बुकिंगचा तक्ता बनवला. लेहमधल्या ओळखीच्या मुलाने फोनवर नावं घ्यायची, मी मांडायची, निरोप गावात पाठवायचा. गावात तेव्हा फोनला रेंज नव्हती. निरोप खेचरवाल्याबरोबर जायचा. एके दिवशी खेचरवाला खालच्या गावात लग्नाला थांबला. संध्याकाळी सहा वाजता एकाच घरी दोन गट हजर, मिळून चौदा माणसं. घरात आमा-ले (लडाखीत 'आई', घरातली म्हातारी) आणि तिची बारा वर्षांची नात.

तिने कुणालाही परत पाठवलं नाही. सहा जण पाहुण्यांच्या खोलीत, चार स्वयंपाकघरात चुलीभोवती, आणि उरलेल्या चौघांसाठी देवघर उघडलं. तिथे अंथरूण टाकण्याआधी तिने देवापुढच्या सातही वाट्यांमधलं पाणी एकेक करून ओतलं, वाट्या पुसल्या आणि पालथ्या घातल्या. मी दारात उभा होतो. ती माझ्याकडे बघून हसली, पण मला मान वर करवेना. तो तक्ता मी परत उघडला नाही.

मीनल_ताई
वाचून गलबललं. तिला त्या दिवशीचे चौदा जणांचे पैसे मिळाले ना?

उनाडवारा
मिळाले. आणि वहीत तिच्या पुढच्या दोन पाळ्या कापल्या गेल्या, कारण 'तिच्याकडे जास्त गेले'. त्यावरूनही भांडण झालं.

दगडधोंडे
नेपाळचा अनुभव लिहितो, तिथे हा प्रश्न बराच आधी आला. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्र प्रकल्प १९८६ पासूनचा. तिथे वाटेवर लॉज आहेत, खासगी मालकीचे, पण दर मालक ठरवत नाही. त्या त्या टापूची लॉज व्यवस्थापन समिती ठरवते आणि एकच छापील मेनू सगळ्यांकडे असतो. दालभाताचा भाव शेजारच्या लॉजमध्येही तोच. उंची वाढते तसा भाव वाढतो, कारण सिलिंडर माणसाच्या किंवा खेचराच्या पाठीवरून आलेला असतो. म्हणजे स्पर्धा आहे, पण भाव पाडायची नाही. स्वच्छतेची, चवीची, आणि खिडकीतून कोणतं शिखर दिसतं त्याची.

अजून एक गंमत. खोली जवळजवळ फुकट, कमाई सगळी स्वयंपाकघरात. खोली घेऊन जेवायला शेजारी गेलात तर मालकीण खोलीचं भाडं वाढवते, आणि बरोबर करते.

तेव्हा पाळी किंवा निवड, यांच्यामध्येही एक वाट आहे: दर बांधून टाका, निवड मोकळी सोडा.

रेवा_के
पण तिथे लॉज बांधायची ऐपत कुणाची होती? ज्याची वाटेला लागून जमीन होती त्याची. वरच्या अंगाच्या घरातली पोरं त्याच लॉजमध्ये भांडी घासतात किंवा त्याच पाहुण्यांची ओझी वाहतात. भाव बांधला म्हणून वाटणी झाली असं नाही.

दगडधोंडे
मान्य. सिरुबारीचं उदाहरण त्यासाठीच चांगलं. स्यांगजा जिल्ह्यातलं गुरुंगांचं गाव, १९९७ पासून पाहुणे घेतंय. तिथे समिती पाहुण्याला घर नेमून देते, पाहुण्याने निवडायचं नाही. स्वागताला सगळं गाव. आजही लोक तिथलं नाव काढतात. पण सिरुबारी ट्रेकच्या हमरस्त्यावर नाही, तिथे लोक मुद्दाम गावासाठी जातात. वाटेवरच्या गावात दमून आलेला माणूस पहिलं दार दिसलं की बूट काढतो. पुलापाशी ज्याचं घर त्याचं नशीब.

चहाबाज
थोडक्यात, नदीकाठी प्लॉट घ्या.

मुक्कामपोस्ट
आयडी जुना आहे, लिहितो क्वचित. सात सीझन ट्रेक लीडर होतो, म्हणून एक गोष्ट कबूल करतो जी इथे कुणी बोललं नाही. पाहुणा घर निवडतो हा गैरसमज आहे. घर निवडतो गाइड.

पाहुण्याला काय माहीत कुठलं घर चांगलं? गाइड म्हणतो, 'या घरी चला, ओळखीचे आहेत.' ओळख म्हणजे काय, तर गाइडला आणि खेचरवाल्याला जेवण-झोपणं फुकट, वर निघताना हातात काहीतरी. मी घेतलंय. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, सगळेच घ्यायचे. पाळीच्या गावात गेलो की आम्हालाच राग यायचा आणि पाहुण्यांसमोर आम्ही त्या गावाला नावं ठेवायचो, 'इथे जबरदस्ती आहे' म्हणून.

उनाडवारा, तुमची ती तीन घरं बघा. नव्या गाद्यांच्या आधी तिथे कुठल्या एजन्सीचे गाइड उतरायचे ते विचारा.

उनाडवारा
विचारलं नाही, पण आता डोळ्यांसमोर येतंय. तिघांपैकी दोघांचे मुलगे लेहमध्ये एजन्सीतच आहेत.

गणितमास्तर
मग गाइडचीही पाळी लावा. तो कुठेही उतरला तरी त्याची सोय सारखीच. त्याचा खर्च घरावर नको, फंडातून द्या. गाइडला अमुक घराचं प्रेम उरणारच नाही.

मुक्कामपोस्ट
मास्तर, सात सीझनमध्ये हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. 👏

मीनल_ताई
विषयांतर होईल, पण विचारते. त्या घरांमध्ये संडासाची काय सोय असते? आम्ही पन्नाशीच्या पाच मैत्रिणी जायचं म्हणतोय, आणि एकीचा सगळा उत्साह या एका प्रश्नावर अडलाय.

उनाडवारा
ताई, कोरडा संडास असतो. वरच्या मजल्यावर मातीची जमीन, मधे चौकोनी भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. काम झालं की दोन फावडी माती-राख लोटायची. पाणी अजिबात ओतायचं नाही. थंड कोरड्या हवेत वास फार कमी येतो, तुमच्या मैत्रिणीला एसटी स्टँडपेक्षा शंभरपट बरं वाटेल. वर्षभराने खालच्या खोलीत खत तयार होतं आणि ते जवाच्या शेतात जातं.

आणि इथे हात जोडून विनंती: ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड त्यात टाकू नका. वसंतात खत काढायला मी एकदा मदतीला होतो. काळं, भुसभुशीत, सुंदर खत, आणि त्यातून दर फावड्याला एक पांढरी चिंधी. कुजलेली नाही, जशीच्या तशी. घरातली म्हातारी शेतात बसून त्या वेचत होती, आपण तांदळातले खडे वेचतो तशा. मला विचारलं, 'हे तुमच्याकडे कशाला वापरतात?' मी म्हटलं तोंड पुसायला. तिला ते खोटं वाटलं.

मीनल_ताई
कागदी पिशवीत परत आणू. शब्द.

पाऊलखुणा
कचऱ्यावरून आठवलं. सिक्कीमला युक्सोमहून झोंगरीला जाताना तुमच्या सामानात कचरा होईल असं काय काय आहे त्याची यादी करतात आणि उतरल्यावर ताळा घेतात. आमच्या गटातल्या एकाची नूडल्सची दोन पाकिटं कमी भरली, तर पठ्ठ्याला सगळ्या पिशव्या उलट्या कराव्या लागल्या. हे काम गावातल्याच लोकांच्या कांचनजंगा कॉन्झर्व्हेशन कमिटीचं, १९९६ पासून आहेत ते. त्या वाटेवर सरपण जाळायलाही बंदी.

मला वाटतं घर कुणाचं यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं. नियम गावाने केला असेल तर पाहुणा ऐकतो. नेपाळात एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबूत १९९८ मध्ये बिअरच्या काचेच्या बाटल्यांवर बंदी आली, तेव्हाही दुकानांचा तोटा होताच की.

डोंगरदऱ्या
आणि नियम गावाने केला नाही तर काय होतं तेही बघा. उत्तराखंडात ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने बुग्यालांवर (उंचावरच्या कुरणांवर) रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. बेदनी आणि अलीची गवताळ माळरानं तंबूंनी अक्षरशः सोलून निघाली होती, त्यामुळे निकाल चुकला असं मी म्हणणार नाही. पण रूपकुंडच्या वाटेवरच्या गावांचा सीझन एका दिवसात गेला. खेचरं विकली लोकांनी. आधी गावानेच 'एका वेळी एवढेच तंबू' म्हटलं असतं तर? अर्थात म्हणून कुणी ऐकलं असतं का, हाही प्रश्न आहे. तंबू गावाचे नव्हते, कंपन्यांचे होते.

रेवा_के
याच्या उलट उदाहरण लेहजवळच्या स्टोक गावाचं. स्टोक कांगरीवर इतकी झुंबड उडाली की खाली गावाच्या पिण्याच्या पाण्यावर गदा आली. २०२० मध्ये शिखर बंद केलं. गाव ठाम राहिलं. सहा हजारी शिखर, लेहच्या दारात, सोन्याची कोंबडी! तरी बंद.

चहाबाज
धागा घर निवडण्यापासून निघाला तो संडास, बिअर करत न्यायालयात पोचला. मराठी फोरमची परंपरा अबाधित आहे. आता फक्त रस्ता राहिला.

दगडधोंडे
काढलाच विषय तर सांगतो. जोमसोमला गाडीरस्ता गेला आणि अन्नपूर्णा सर्किटच्या त्या बाजूचे लॉज रिकामे पडू लागले. धूळ खात कोण चालणार, लोक जीपमध्ये बसतात. मग नदीच्या पलीकडून, वरच्या गावांतून नव्या पायवाटा आखल्या. मात्र गावातल्या बाईला विचाराल तर ती रस्त्याच्या बाजूने बोलते. बाळंतपणाला दवाखान्यात दोन तासांत पोचते ना ती. आपल्याला 'अस्पर्श वाट' हवी असते, म्हणजे तिने पायी जायचं.

उनाडवारा, तुमच्याकडेही रस्ता येतोय ना? मारखा दरीच्या बाजूला सरकत सरकत पुष्कळ आत गेलाय म्हणे.

उनाडवारा
येतोय. पाळीच्या भांडणातली खरी घाई तीच आहे. सगळ्यांना दिसतंय की ही कमाई आणखी काही वर्षांचीच आहे.

लेहवाली
मी रोज येत नाही इथे, आज कुणीतरी लिंक पाठवली. नवऱ्याच्या नोकरीमुळे नऊ वर्षं लेहमध्ये काढली, त्या भाषेत बाजारहाट करण्याइतकं बोलते.

तुम्ही सगळे पाळी ही बाहेरून आणलेली योजना असल्यासारखं लिहिताय. लडाखी गाव पाळीवरच उभं आहे! बर्फ वितळून येणारं पाणी एवढंसं, शेतं अनेक. कुणाच्या शेतात पाणी कधी सोडायचं ते छुरपोन ठरवतो. हे काम घराघरांत फिरतं. यंदा या घरातला, पुढच्या वर्षी त्या. शेळ्या-मेंढ्या चरायला न्यायचीही पाळी, तिला रारेस म्हणतात. एकेका घराने सगळ्या गावाचा कळप न्यायचा. हे शेकडो वर्षं चाललंय आणि पाण्याहून मोठं भांडण त्या वाळवंटात दुसरं कुठलं असणार?

उनाडवारा दादा, तुमचं पहिलं पोस्ट परत वाचा. वही 'पुलापाशी पहिल्या घराकडे' असते असं तुम्ही सहज लिहून गेलात. घरं फिरतात, वही फिरत नाही. छुरपोन कायम एकाच घरातला असता तर पाण्याचंही असंच झालं असतं. ती तीन घरं पाळीला वैतागली आहेत की पुलापाशीच्या घराला?

गणितमास्तर
🙏 सहा दिवस आम्ही गाद्या झाडत बसलो होतो.

मुक्कामपोस्ट
लेहवाली ताई, नियमित लिहीत जा.

मीनल_ताई
एक राहिलं. चौदा पाहुण्यांच्या गोष्टीतली आमा-ले, तिच्या पाळीला सहा-आठ जण आले तर एकटीने कसं करायचं? पाळी सगळ्यांना सारखी, पण हात सगळ्यांना सारखे नाहीत. जवाची कापणी सुरू झाली की ज्या घरात तरणी माणसं नाहीत त्यांनी शेत बघायचं की पाहुणे?

उनाडवारा
सध्या ती पाळी शेजाऱ्याला देते आणि शेजारी तिला अर्धे पैसे देतो. कधी देतो, कधी लोकर देतो. मीनलताई, हे वहीत कुठेच येत नाही.

मी परवा निघतोय. तिथून लिहिता आलं तर लिहीन.

चहाबाज
धागा वर आणतोय. पाच आठवडे झाले. उनाडवारा, जिवंत आहात का? सोसायटीची मीटिंग रविवारी आहे, मला मुद्दे हवेत.

उनाडवारा
काल लेहला उतरलो. माफ करा, थोडं लांबेल.

मी काहीच सांगितलं नाही. फक्त एका संध्याकाळी गोबाच्या (म्हणजे गावप्रमुखाच्या) घरी विचारलं, छुरपोन दर वर्षी बदलतो, मग वही का नाही बदलत? पाचेक मिनिटं कुणी बोललं नाही. मग पुलापाशीच्या घरातला म्हातारा म्हणाला, 'मला तरी कुठे हवीय, रात्री नऊला दार वाजवतात.' आणि सगळे हसले. लेहवाली ताई, तुमचा नेम अचूक होता. पाळी झुगारणाऱ्या घरांपैकी एकाचा आणि पुलाच्या घराचा बांधावरून जुना वाद निघाला. गाद्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पुढचं सगळं त्यांनी तीन बैठकांत ठरवलं. वाटेवर बायकांच्या गटाचा चहाचा तंबू आहे, वही आता तिथे. महिन्याला जी बाई तंबू सांभाळेल तीच वही सांभाळेल. मोजणी गटाची नाही, डोक्यांची. आठ जण आले तर दोन-तीन घरांत वाटायचे, एका घरात चारच्या वर नाहीत. आमा-लेला दोनच. तिला त्यातून तोटा होतो, म्हणून सगळ्या घरांची अंथरुणं धुवायचं काम तिच्या नातीच्या आईकडे दिलंय, पैसे फंडातून. गाइडचं जेवणही फंडातून. मास्तर, तुमचं नाव मी सांगितलं. त्यांना वाटलं तुम्ही खरेच मास्तर आहात, शाळेसाठी येता का विचारलंय.

फंडावरून मात्र भरपूर वाजलं. निम्म्यांना गोम्पाला (बौद्ध मठाला) रंग द्यायचाय, निम्म्यांना नवीन पाइप. ते अजून मिटलेलं नाही. आणि तिघांपैकी एक घर अजूनही बाहेरच आहे. त्यांच्या मुलाची एजन्सी थेट त्यांच्याकडे माणसं पाठवते. गावाने त्यांना काही म्हटलं नाही. फक्त रारेसच्या पाळीत त्यांच्या शेळ्या यंदा घेतलेल्या नाहीत.

गणितमास्तर
बाप रे. शेळ्या!

रेवा_के
आणि गोठ्याला जाळी आहे ना त्यांच्या?

उनाडवारा
आहे. बघून आलो.

मीनल_ताई
आमचं जुलैचं ठरलं, पाच जणी. कुणाचं घर मिळेल ते आधी कळेल का? आम्हाला एकत्र राहायचंय.

उनाडवारा
ताई, तिघी वरच्या घरात, दोघी आमा-लेकडे. एकत्रच झोपायचं असेल तर तंबू आणा. आणि कागदी पिशव्या.